बोरघाटातील विस्मृत लोहमार्ग : ‘रिव्हर्सिंग स्टेशन’चा मागोवा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागे जादा इंजिने जोडली जातात आणि पळसदरी ओलांडल्यावर चढ सुरू होतो. जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ ही नावे मागे टाकीत गाडी मंकी हिलपाशी येते, बोगद्यात शिरते आणि थोड्याच वेळात खंडाळ्यास बाहेर पडते. नित्याच्या प्रवाशाला यात काहीच विशेष वाटत नाही. तथापि मंकी हिल ते खंडाळा हा आजचा सरळ मार्ग मूळचा नव्हे. १८६३ पासून १९२९ पर्यंत, म्हणजे तब्बल ६६ वर्षे, गाड्या येथून वेगळ्याच वाटेने जात. डोंगराच्या एका अरुंद सोंडेवर जाऊन त्या थांबत, इंजिन पुढून काढून मागच्या टोकास लावले जाई आणि आलेल्या दिशेकडे पाठ करून गाडी उरलेला चढ चढू लागे. ज्या ठिकाणी हा प्रकार चाले, त्याचे नाव ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. आज ते स्टेशनही नाही आणि त्याला येऊन मिळणारे रूळही नाहीत. मात्र त्या मार्गाच्या खुणा पूर्णपणे पुसल्या गेलेल्या नाहीत, आणि ज्या उरल्या आहेत त्यांच्याभोवती गैरसमजांचे बरेच रान माजले आहे.

प्रथम नावाविषयी. इंग्रजी कागदपत्रांत या घाटाचा उल्लेख ‘भोर घाट’ असा येतो व तोच पुढे मराठीतही रूढ झाला. स्थानिक नाव बोरघाट. पुण्याच्या दक्षिणेस असलेल्या भोर गावाशी अथवा तेथील संस्थानाशी या घाटाची गल्लत करण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात बोरघाट हेच नाव वापरले आहे.

रूळ दोन्हीकडे, मध्ये डोंगर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यापुढची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे खरे लक्ष ठाण्यावर नव्हतेच. दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणावयाचा, तर सह्याद्री ओलांडणे अपरिहार्य होते. कंपनीचा मूळ प्रवर्तक जॉन चॅपमन याने १८४५ च्या सुमारासच या दृष्टीने घाटांची पाहणी केली होती. पुढे कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून आलेल्या जेम्स जॉन बर्कले याने बोरघाट आणि थळघाट या दोन्ही ठिकाणी अनेक पर्यायी रेषा मोजून पाहिल्या. कंपनीचे सल्लागार अभियंते होते रॉबर्ट स्टीफन्सन. त्यांच्या नजरेखालून आराखडे गेल्यावरच कामास हात घालण्यात आला.

१८५४ च्या मे महिन्यात लोहमार्ग कल्याणास पोचला व १२ मे १८५६ रोजी पळसदरीमार्गे थेट घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीस. नाना फडणविसांनी बांधलेला तलाव व शिवमंदिर असलेले हे गाव एकाएकी रेल्वेचे शेवटचे ठाणे बनले. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी खुला झाला. म्हणजे कोकणातही रूळ होते आणि देशावरही होते. नव्हते ते फक्त मधल्या डोंगरात. जवळजवळ पाच वर्षे प्रवासी खोपोलीस गाडीतून उतरत, पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीने अथवा पायी घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत. मालाचीही तीच गत. घाटातील गाडीवाल्यांना या काळात बरकत आली असली पाहिजे. पण कंपनीच्या दृष्टीने ही मधली तुटलेली कडी म्हणजे दररोजचे नुकसान होते.

उलटे फिरण्याचे गणित

सह्याद्रीचा पश्चिमेकडील कडा हा उतार नव्हे, ती भिंत आहे. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत १,८३१ फूट चढावयाचे होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनाला झेपेल असा चढ ठेवायचा, तर मार्ग लांबविणे भाग होते. आणि मार्ग लांबवायचा, तर डोंगराच्या अंगावर त्याला जागा हवी. ही जागाच बोरघाटात नव्हती. डोंगराची एक सोंड धरून मार्ग वर न्यावा, तर ती सोंड अचानक दरीत संपते. समोर खंडाळ्याची खोल घळ आणि पलीकडे नागफणीचा सुळका. (वेलिंग्टनच्या नाकाशी साम्य दिसले म्हणून इंग्रजांनी या सुळक्याला ‘ड्यूक्स नोज’ म्हटले. आपल्या लोकांना तेथे नागाची फणी दिसली.) वळण घेऊन फिरावे, तर रुळांना आवश्यक तेवढ्या त्रिज्येचे वळण त्या अरुंद माथ्यावर बसत नव्हते.

बर्कलेने काढलेला तोडगा साधा होता. गाडीला वळविता येत नसेल, तर वळवूच नये. सोंडेच्या टोकाशी थोडी सपाट जागा करून तेथे मार्ग संपवावा, आणि त्याच जागेतून दुसरा फाटा उलट दिशेने वर काढावा. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या एका बाहूवरून येऊन दुसऱ्या बाहूवर जावे, तसे. यामुळे दोन गोष्टी साधल्या. खालच्या बाजूस मार्गाला अधिक लांबी मिळाल्याने चढ सौम्य करता आला, आणि कड्याच्या सर्वांत अवघड भागाला हात न लावता खंडाळ्याची घळ गाठता आली. यात नवल वाटावे असे काही नाही. थळघाटातही, म्हणजे आजच्या कसारा घाटात, बर्कलेने हीच युक्ती योजली होती. १ जानेवारी १८६५ रोजी खुल्या झालेल्या त्या मार्गावरही एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. मात्र तेथील चढाई ९७२ फुटांची, बोरघाटाच्या निम्म्याहून थोडी अधिक. म्हणून त्या काळच्या वर्णनांत व छायाचित्रांत मान मिळाला तो बोरघाटाला.

पूर्ण झालेल्या बोरघाट मार्गाची आकडेवारी त्या काळच्या वाचकांना थक्क करणारी होती. लांबी १५ मैल ६८ चेन, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलोमीटर. प्रारंभापासूनच दुहेरी रूळ. २५ बोगदे, त्यांची एकूण लांबी ३,९८६ यार्ड. आठ मोठे कमानी पूल, २२ लहान पूल, ८१ मोऱ्या. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट. सोळा लाख घनयार्डांहून अधिक खोदकाम, आणि तेही बहुतांशी काळ्या कातळातले.

बेचाळीस हजार हात

या आकड्यांपाशी क्षणभर थांबणे अवश्य आहे. डायनामाइटचा शोध लागला १८६७ साली. बोरघाट तत्पूर्वीच पुरा झाला होता. तेव्हा येथील प्रत्येक बोगदा छिन्नी, हातोडा, पहार आणि बंदुकीची साधी दारू यांच्या बळावर खोदला गेला. कातळात हाताने भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची, वात लावून पळायचे. जेथे पाय ठेवायला जागा नव्हती, तेथे माणसांना कड्याच्या माथ्यावरून दोराने खाली सोडीत, आणि दरीवर लोंबकळतच ती कातळाला पहिली भोके पाडीत. बोगद्याचे तोंड जेथे व्हायचे, तेथवर पोचण्यासाठी आधी पाऊलवाट कोरावी लागे.

काम वर्षभर चालत नसे. जूनच्या मध्यापासून पाऊस सुरू झाला की घाट बंद. खंडाळ्याचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. ऑक्टोबरनंतर माणसे परतत, तळ पडत, आणि उन्हाळा चढू लागला की पाण्याची ओढ सुरू होई. हजारोंची वस्ती, पाणी अपुरे व दूषित, निवाऱ्यास गवताची खोपटी. अशा ठिकाणी पटकी न आली तरच नवल. ती वारंवार आली. १८५९-६० च्या हंगामात तिने जो कहर केला, त्यामुळे तळच्या तळ रिकामे झाले. मरणारे मेले, वाचलेले गावाकडे पळाले. यापुढच्या हंगामात, १८६१ साली, कामावरील माणसांची संख्या ४२ हजारांवर गेली होती. पुरुषांबरोबर स्त्रियाही माती-दगड वाहात आणि मुलेही राबत. पिढ्यान्पिढ्या दगड-मातीचे काम करणारे वडार येथे होते, तसे दुष्काळी पट्ट्यातून पोटासाठी आलेले कुणबीही होते.

या माणसांची नावनिशीवार नोंद कोणी ठेवली नाही. किती घनयार्ड दगड फुटला, याचा हिशेब शेवटच्या आकड्यापर्यंत उपलब्ध आहे. तो फोडताना किती माणसे गेली, याचा मात्र अंदाजच करावा लागतो, आणि तो कित्येक हजारांच्या घरात जातो. रेल्वेच्या इतिहासकारांमध्ये मजुरांकडे गांभीर्याने पाहणारे इयान केर यांचा या विषयावरील ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. तोवर बोरघाटाची कथा म्हणजे बहुधा अभियंत्यांचीच कथा होती.

मजूर मुकाट्याने सोसत राहिले, असेही नव्हे. घाटाचे पहिले कंत्राट विल्यम फॅव्हिएल याच्याकडे होते. मुंबई-ठाणे मार्गाच्या कंत्राटातही तो भागीदार होता. १८५६ च्या जानेवारीत त्याने घाटाचे काम सुरू केले. मजुरी वेळेवर मिळत नाही आणि ठरल्यापेक्षा कमी मिळते, ही तक्रार पुढे वाढत गेली. १८५९ च्या जानेवारीत खंडाळ्याजवळच्या तळावर तिचा स्फोट झाला. मजूर आणि युरोपीय देखरेख्ये यांच्यात चकमक होऊन एक युरोपीय मरण पावला. १८५७ चे वर्ष ताजे असल्याने सरकारने प्रकरण गांभीर्याने घेतले. चौकशी झाली आणि मजुरांच्या गाऱ्हाण्यात तथ्य असल्याचे आढळले. १८६० साली मालक व कामगार यांच्यातील तंट्यांविषयी जो कायदा झाला, त्यामागे अशा रेल्वे-कामांवरील तंट्यांचाच संदर्भ होता. आपल्याकडील कामगारविषयक कायद्यांचा इतिहास गिरण्यांपासून सांगण्याचा प्रघात आहे. त्याचा एक धागा गिरणगावाच्याही आधी खंडाळ्याच्या घाटात सापडतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

फॅव्हिएलने मार्च १८५९ मध्ये कंत्राट सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा अनुभवी कंत्राटदार पत्नीसह इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस, आजारी पडून वारला. पटकी मजुरांच्या खोपटापुरती थांबत नसे. यानंतर जे घडले ते त्या काळाच्या मानाने असाधारण होते. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने परतीचे जहाज न पकडता पतीचे कंत्राट स्वतःकडे घेतले. ॲडम्सन आणि क्लाऊझर या दोन अभियंत्यांना तिने व्यवस्थापक नेमले आणि काम तडीस नेले. ४२ हजार माणसांचा आकडा तिच्याच कारकिर्दीतला. तिला छायाचित्रणाचीही आवड होती. घाटाचे काम चालू असता तिने घेतलेल्या छायाचित्रांचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अर्धवट उभे असलेले पूल, लाकडी पहाड, उघडे पडलेले कातळ. मूळ मार्ग कोठून कसा गेला होता, हे शोधू इच्छिणाऱ्यास या चित्रांइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

उद्घाटन आणि अपघात

२१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचा समारंभ झाला आणि १४ मे रोजी तो वाहतुकीस खुला करण्यात आला. ज्याच्या बुद्धीतून हा मार्ग निघाला तो बर्कले मात्र तेथे नव्हता. प्रकृती ढासळल्याने १८६१ साली तो मायदेशी परतला होता व २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, निवर्तला.

रिव्हर्सिंग स्टेशनवरील कामकाज असे चाले. मुंबईकडून चढणारी गाडी स्टेशनात येऊन मार्गाच्या बंद टोकापाशी थांबे. इंजिन सोडवून शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकास नेत आणि तेथे जोडीत. आतापर्यंत शेवटी असलेला डबा पहिला होई, आणि ज्या प्रवाशाने पुढे तोंड करून जागा धरलेली असे तो आता उलटा बसून खंडाळ्यास पोचे. घाटासाठी खास बनविलेली इंजिने शार्प स्टुअर्ट या कारखान्याने १८६२ मध्ये पुरविली. त्यांना चाकांच्या ब्रेकखेरीज थेट रुळावर दाबली जाणारी ब्रेकपट्टीही होती. ही पट्टी कशासाठी, हे उतरणीचा विचार केला म्हणजे समजते.

चढणे कष्टाचे होते, उतरणे धोक्याचे. एका माणसाच्या हाती असलेला, सर्व डब्यांना एकदम लागणारा ब्रेक तेव्हा प्रचारात नव्हता. निरनिराळ्या डब्यांवर ब्रेकवाले बसत आणि इंजिनाची शिटी ऐकून हाताने चक्र फिरवीत. खंडाळ्याहून खाली येणाऱ्या गाडीच्या अगदी समोर रिव्हर्सिंग स्टेशनचे बंद टोक असे, आणि त्या टोकापलीकडे दरी. ब्रेक लागला नाही, तर दुसरी वाट नाही. १८६९ च्या जानेवारीत नेमके हेच झाले. घाट उतरणारी गाडी आवरली नाही आणि स्टेशन ओलांडून पलीकडे गेली. यात प्राणहानी झाली. घाटात जागोजागी ‘कॅच सायडिंग’ का लागतात, हे अशाच अपघातांनी शिकविले. मुख्य मार्गातून फुटणारा आणि चढावर जाऊन संपणारा असा हा फाटा असतो. बेफाम सुटलेली गाडी त्यावर जाऊन आपोआप मंदावते. बोरघाटातून उतरणाऱ्या गाडीला आजही ठरावीक ठिकाणी पूर्ण थांबून आपला ताबा सिद्ध करावा लागतो, तेव्हाच पुढचा मार्ग मोकळा होतो. गाडी उगाच का थांबली म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशांनी हे जाणून घ्यावे.

बांधकामाच्या दर्जाबद्दलही लवकरच शंका उत्पन्न झाली. १८६७ च्या पावसाळ्यात, म्हणजे मार्ग सुरू होऊन चार वर्षे होतात न होतात तोच, ‘मऊ की माळी’ या नावाने कागदपत्रांत येणारा घाटातील मोठा कमानी पूल कोसळला. सुदैवाने त्या वेळी त्यावर गाडी नव्हती. चौकशीत निकृष्ट चिनाईवर ठपका आला. कंपनीच्या इतरही अनेक पुलांची नंतर तपासणी करून त्यांची डागडुजी करावी लागली.

१९२९ : दिशा बदलणे संपले

विसावे शतक उजाडले तशी गाड्यांची लांबी आणि संख्या वाढू लागली. रिव्हर्सिंग स्टेशनची सोंड मात्र होती तेवढीच राहिली. सोंडेवर मावेल त्यापेक्षा लांब गाडी घाटातून नेणे शक्य नव्हते. प्रत्येक गाडीचा वेळ तेथे मोडत होता, आणि दुहेरी मार्ग असूनही साऱ्या वाहतुकीची मान या एका जागी आवळली जात होती. १९२० च्या दशकात घाटाच्या विद्युतीकरणाची योजना पुढे आली, तेव्हा हा प्रश्नही निकालात काढण्याचे ठरले. मंकी हिलपासून खंडाळ्याकडे नवे बोगदे खोदून थेट मार्ग काढण्यात आला आणि १९२९ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. विजेची इंजिने आली. त्यांतील मालगाड्यांच्या बोजड, सांधेयुक्त इंजिनांना रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत. पाठोपाठ १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. वेगवान पुणे-मुंबई गाडी ही कल्पनाच रिव्हर्सिंग स्टेशन अस्तित्वात असेतो संभवत नव्हती.

जुन्या फाट्यावरील रूळ निघाले. रूळ आणि लोखंड यांना नेहमीच किंमत असते. भराव, कापण्या आणि दगडी भिंती तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

आज काय दिसते?

सोडून दिलेला लोहमार्ग ओळखण्याची काही साधी गमके आहेत. डोंगराच्या उतारावर निसर्ग सरळ रेघ ओढीत नाही. झाडोऱ्यातून एकाच रुंदीची, एकसारख्या आणि अगदी हलक्या चढाने जाणारी सपाट पट्टी दिसली, की ती माणसाने काढलेली आहे असे समजावे. बैलगाडीचा रस्ता चढ पाहून वाकतो. लोहमार्गाला तसे वाकता येत नाही, तो समोरची टेकडी कापतो आणि घळ भरून काढतो. कापणीच्या कातळात हाताने पाडलेल्या सुरुंगाच्या भोकांच्या अर्धगोल पन्हळी दिसतात. भरावाच्या पोटात घडीव दगडाची मोरी सापडते. पायाखालच्या मातीत फोडलेल्या काळ्या खडीचा थर लागतो. बोरघाटाचा हा भाग या दृष्टीने निरखला, तर पूर्वी नुसता ‘डोंगर’ वाटणारा उतार एकाएकी वाचता येऊ लागतो.

अर्थात बराच मजकूर खोडला गेला आहे. जुन्या मार्गाच्या परिसरातूनच महामार्ग आणि पुढे २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गेला. रिव्हर्सिंग स्टेशनची जागा म्हणून जी दाखविली जाते, ती या रस्त्यांच्या अगदी लगतची. दररोज हजारो मोटारी तेथून जातात. थांबण्यास मुभा नसल्याने कोणी थांबत नाही.

याच परिसरात अमृतांजन पूल होता. तेथे लागलेल्या मलमाच्या जाहिरातीवरून त्याला हे नाव पडले. त्याचे दगडी खांब द्रुतगती मार्गाच्या मध्ये येत आणि वाहने तुंबत. अखेर एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात, टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडला असता, नियंत्रित स्फोटांनी तो पाडण्यात आला. त्या वेळी सर्वत्र ‘१९० वर्षांचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल’ अशी वर्णने प्रसिद्ध झाली. या वर्णनातील विसंगती कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. पूल १९० वर्षांचा, म्हणजे १८३० सालचा. आणि भारतात रेल्वे आली १८५३ साली, बोरघाटात तर १८६३ मध्ये. तेव्हा पूल १८३० चा असेल तर तो रेल्वेसाठी बांधलेला नव्हे, आणि रेल्वेसाठी बांधला असेल तर तो १८३० चा नव्हे. १८३० हे साल येते कोठून, याचा उलगडा मात्र होतो. त्या वर्षी १० नोव्हेंबरला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. त्यापूर्वी १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने, तोफा चढविण्यापुरती वाट सुधारली होती. चाकांच्या वाहतुकीला खरा रस्ता मिळाला तो माल्कमच्या वेळी. रस्त्याची तारीख आणि रेल्वेची आठवण लोकस्मृतीत एकाच पुलावर येऊन बसली, असे दिसते. वास्तू पाडण्याआधी तिची मापे, चिनाई आणि अभिलेख यांची तपशीलवार छाननी होऊन ती लोकांसमोर आली असती, तर हा घोळ तेव्हाच मिटला असता. आता दगडच उरलेले नाहीत.

दुसरी खूण आहे ती शिंग्रोबाची. खोपोलीहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर त्याचे लहानसे देऊळ आहे आणि घाट चढणारे गाडीवान तेथे नाणे टाकून पुढे जातात. कथा अशी की, इंग्रज अभियंत्यांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरामेंढरांची वाट त्यांना दाखविली. बक्षीस काय हवे, असे विचारता त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि इंग्रजांनी त्याला गोळी घातली. कोणी ही कथा रेल्वेच्या पाहणीशी जोडतात, कोणी रस्त्याच्या. इतिहासाच्या कसोटीवर ती जशीच्या तशी टिकेल असे नाही; स्वातंत्र्याची मागणी तर स्पष्टपणे मागाहूनची भर वाटते. परंतु कथेचा गाभा अविश्वसनीय नाही. सह्याद्रीच्या कड्यावरील वाटा ठाऊक होत्या त्या धनगरांना, ठाकरांना आणि कातकऱ्यांना. नकाशा घेऊन आलेल्यांना त्यांच्या पाठोपाठ चालावे लागणे स्वाभाविक होते. बर्कलेचा मुखवटा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर कोरला गेला. घाटात मात्र देऊळ झाले ते शिंग्रोबाचे. मजुरांसाठी यांपैकी काहीच झाले नाही.

ज्यांना हा मार्ग प्रत्यक्ष पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मंकी हिल, ठाकूरवाडी या भागात रुळांवरून चालत जाण्याचा मोह अनेक गिर्यारोहकांना होतो. तो रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहेच; शिवाय बोगद्यात बाजूला होण्यास जागा नसते. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना मज्जाव आहे. तेव्हा उत्तम उपाय म्हणजे खंडाळ्याच्या बाजूने, राजमाची पॉइंटसारख्या उंच जागेवरून, पावसाळा संपून हवा स्वच्छ झाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी खालचा डोंगर न्याहाळणे. सोबत रिव्हर्सिंग स्टेशनचे एखादे जुने छायाचित्र असावे. अशी चित्रे आता सहज मिळतात. छायाचित्रातील क्षितिजरेषा समोरच्या डोंगररेषेशी जुळवून पाहावी. डोंगर बदललेले नाहीत, त्यामुळे सोंड कोणती आणि फाटे कोठून निघत, हे थोड्या वेळात उमगते.

आणि जमल्यास परतताना कर्जतहून खोपोलीची लोकल पकडावी. १८६३ मध्ये मुख्य मार्ग पळसदरीपासून घाटाकडे वळला, तेव्हा खोपोलीच्या रुळांना काही प्रयोजन उरले नव्हते. ते उखडले गेले असते तरी कोणास आश्चर्य वाटले नसते. ते राहिले. १८५६ साली ज्या गावी गाडी येऊन थांबत असे, त्याच गावी ती आजही शेवटची थांबते, आणि स्टेशनाबाहेर घाट चढण्यासाठी वाहनांची वाट पाहणारी माणसे तशीच उभी असतात.